अठरा दसऱ्यांच्या अक्षता

पियानो घरातून जाणार हे ठरलं, तेव्हा ज्योत्स्नाला हलकं वाटलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही. घरात कारण दिलं ते जागेचं. बैठकीची एक अख्खी भिंत त्या लाकडी धुडानं अडवलेली, आणि मधल्या कितीतरी पट्ट्या मुक्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! ताडोब्याच्या रस्त्यावर नवा रिसॉर्ट उघडणाऱ्या एकाला तो दर्शनी भागात ठेवायला हवा होता, वाजला नाही तरी त्याचं अडणार नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा टेम्पो येणार होता. बोलणं ज्योत्स्नानंच केलं होतं आणि त्याचे फोनही तिच्याच मोबाइलवर येत होते.

खरं कारण होतं सासरे, तिचे मामाजी. लटारूभाऊंना जाऊन चार वर्षं झाली होती. उभा जन्म त्यांनी वडशाच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवला. हिवाळाभर गावोगावी नाटकं, आणि बाकीचे दिवस आरमोरीच्या या घरात, या पियानोसमोर. ज्योत्स्ना सिंदेवाहीहून लग्न होऊन आली ती अशा घरात, जिथे सकाळी चहाच्या आधी सूर कानावर पडायचे. सुरुवातीला तिला त्याचं कोण अप्रूप! पण दोन-तीन वर्षांत तिच्या लक्षात आलं, की सासरे वाजवता वाजवता मध्येच थांबतात. स्वयंपाकघरात तिच्या हातून भांडं वाजलं की थांबतात. ती चहा घेऊन खोलीत शिरली की थांबतात, तिच्याकडे एकदा बघतात आणि मग पुढे सुरू करतात. तिनं भांडी हळू ठेवायला सुरुवात केली, पैंजण काढून ट्रंकेत टाकले. तरी ते थांबतच राहिले. माणूस अबोल. कधी वाकडा शब्द नाही आणि कधी गोडही नाही. आपण या माणसाला खपत नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं आणि जिवापाड सेवा करून त्यांना शेवटचा निरोप दिला. त्यानंतरही ते लाकडी धूड भिंतीला टेकून तिच्याकडे बघतच राहिलं. ते एकदाचं दारातून बाहेर गेलं, की तिला या घरात मोकळा श्वास घेता येणार होता.

घरात दोन तट पडले होते. नागपूरहून दसऱ्याला आलेला धाकटा दीर आदेश वहिनीच्या बाजूनं होता. त्याला जुनं काहीही घराबाहेर गेलेलं आवडे. ज्योत्स्नाची लेक दिव्यानी, अकरावीतली, विरुद्ध. नवरा प्रफुल म्हणजे घरातला तराजू, ज्या पारड्यात वजन जास्त तिकडे झुकायचा. राहता राहिल्या सासूबाई, इंदुताई. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पानात भात वाढून घेता घेता अट घातली.

"मुकी पोरगी सासरी धाडाची नाई. एक डाव बोलू द्या तिले, मंग न्या कुठी नेता त."

"आई, त्या माणसाले वाजवाचाच नाई ना," आदेश म्हणाला.

"त्याले नसन वाजवाचा. मले आयकाचा हाये. अयूबले बोलाव."

म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच अयूबचाचा वडशाहून आले. बाजाच्या पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करणारे त्यांच्यासारखे आता पंचक्रोशीत दुसरे उरले नव्हते. लटारूभाऊंचे ते चाळीस वर्षांचे सोबती. एक ऑर्गनवर बसे आणि दुसरा त्याचा ऑर्गन जिवंत ठेवी. चाचांनी चहा घेतला, पान खाल्लं, यंदाच्या लवकर निघणाऱ्या हलक्या धानाची चौकशी केली, इंदुताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. पियानोकडे मात्र बघेनात.

"चाचा, सुरू करता ना?" ज्योत्स्नानं विचारलं.

"करतो ना बेटा. घाई काऊन करून राह्यली?" ते म्हणाले आणि अजून एक पान लावायला घेतलं.

शेवटी दिव्यानीनंच मोबाइलची बॅटरी लावली. चाचांनी पियानोच्या वरचं झाकण उचललं, समोरची फळी काढली आणि आतली सारी माया उघडी पडली. वरपासून खालपर्यंत तारा, आणि त्यांच्यासमोर लाकडी दांड्यांची दाटीवाटीची रांग. दिव्यानी "अय्या!" म्हणून दोन पावलं पुढे सरकली. एवढ्या वर्षांत तिनंही हे कधी पाहिलं नव्हतं.

"याच्यात भाता नाई?" तिनं विचारलं.

इंदुताई हसल्या. "तुझ्या आबाजीनं बी तेच इचारलं होतं. आलापल्लीकडच्या ठेकेदाराच्या बंगल्यातून बंडीवर घालून आनला. रातभर बैलं चालली. अन् इथी उतरवल्यावर हे मागून हात घालून भाता धुंडून राह्यले. 'इंदू, याले हवा कुठून देऊ?' म्हने. वडशाचा येवढा मोठा ऑर्गनवाला, अन् घामाघूम!"

"पेटी श्वासावर चालते बाई, हा घावावर चालते," चाचा म्हणाले. विषय वाद्याचा निघाला तशी त्यांची जीभ मोकळी झाली. "इकडं पाय बेटा. पट्टी दाब. हळू. दिसलं? पट्टी समोरून खाली गेली, का मागून वर उचलते. धान कांडाच्या ढेकीसारखी. ते ह्या दांडीले ढकलते, दांडी हातोडीले ढकलते. हातोडीच्या तोंडाले नमदा लावून हाये, लोकर दाबून दाबून केलेला. ते जाऊन तारेवर बसते."

दिव्यानीनं दाबलं. टण्ण. कर्कश, बेसूर, पण आवाज आला.

"अन् आता पाय, बोट तुझं पट्टीवरच हाये. पन हातोडी कुठी हाये?"

"मागं आली!"

"हां. मारलं का लगेच मागं हटते. हटली नाई, चिकटून राह्यली, त तार थरथरनच नाई. जिनं घाव घातला तिनंच मग जागा द्याची." चाचांनी दुसऱ्या बोटानं तारेवरची नमद्याची छोटी उशी दाखवली. "हे उशी तारेले चूप बसवते. पट्टी दाबली का उठते, बोट उचललं का परत बसते. म्हनून सूर हातात राह्यते. अन् मागं हा लाकडाचा पाट पाहा. तार एकटी काय, डासावानी गुनगुन करन. तिची थरथर पाटात उतरते तवा घरभर आयकू येते."

"म्हणजे बोलते ते लाकूडच," दिव्यानी म्हणाली.

"दोघं मिळून बोलते. एकट्यानं कोनाचंच भागत नाई."

मग दिव्यानी एकेक पट्टी दाबत गेली. मधल्या भागात पोचली आणि पट्ट्या मुक्या होऊ लागल्या. काही जरा दबायच्या आणि अडायच्या. काही हलायच्याच नाहीत. ज्योत्स्ना दारात उभी राहून बघत होती. चाचांनी किल्ली घेतली आणि घाईघाईनं वरच्या खुंट्यांकडे वळले.

"ज्या बोलते त्या सुरात लावून देतो. आयकून घ्या बाई, अन् मंग जाऊ द्या. खालचं खोलाची काई गरज नाई."

"अन् ह्या मधल्या?" आदेशनं विचारलं.

"जुनं लाकूड हाये. फुगते."

"फुगलं असन त सगळंच फुगलं असतं. मधलंच कसं फुगलं?" आदेश म्हणाला. पुतणी चार प्रश्न विचारून भाव खाऊन गेली, हे त्याच्यातल्या इंजिनिअरला सोसवेना. त्यानं चाचांच्या पिशवीतला पेचकस उचलला. चाचा "अरे बाबू, थांब, थांब" म्हणेपर्यंत पट्ट्यांपुढची फळी सुटलीसुद्धा. त्यानं मधली एक पट्टी उपसून काढली, मग दुसरी, मग तिसरी.

पट्ट्यांखाली तांदूळ होते.

मूठ-दोन मूठ नव्हे. दाबून बसलेला थरच होता. काही दाणे हळदीचे पिवळे, काही कुंकवाचे लाल, खालचे जुने होऊन मातकट पडलेले. मधूनच झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि आपट्याच्या पानाचे तुकडे. पट्टीला खाली जायला जागाच उरली नव्हती. ती खाली जाईना म्हणून मागून उचलेना, आणि हातोडी तारेपर्यंत पोचेना. काही दाणे दोन पट्ट्यांच्या फटीत पाचरीसारखे बसले होते.

आदेशनं चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतले आणि हसला.

"वयनी, हे त तुमच्या पूजेचं! म्हन्जे बाबांचा पियानो तुमीच मारला म्हना ना!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रफुलनं "आदेश, काय बोलून राह्यला बे," एवढंच म्हटलं, आणि तेही खालच्या आवाजात.

ज्योत्स्नाच्या माहेरी रीत होती. दसऱ्याला अवजाराची पूजा करायची तर अक्षता त्याच्या तोंडी पडल्या पाहिजेत. नांगराच्या फाळावर, विळ्याच्या धारेवर, चुलत्याच्या शिवणयंत्राच्या सुईखाली. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आजेसासूनं पूजेचं ताट तिच्या हाती दिलं आणि ती पियानोसमोर उभी राहिली. याचं तोंड कुठलं? तिनं झाकण उघडून सासऱ्यांचे हात जिथे फिरत त्या मधल्या पट्ट्यांवर ओंजळभर अक्षता वाहिल्या, पसरून, त्यातली एकही उपाशी राहू नये अशा. पूजेतल्या अक्षता झाडायच्या नाहीत, म्हणून त्या तशाच ठेवून झाकण लावलं; वाजवताना त्या फटींतून खाली उतरत असतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यानंतर दर दसऱ्याला तेच. अठरा वर्षं. सासरे गेल्यावरही तिनं कधी खंड पडू दिला नाही.

आता तिला सगळं कळलं असं वाटलं. त्यांना ठाऊक असणार. ज्या वाद्यावर जीव होता, ते घरात आलेल्या या अडाणी पोरीनं मुकं केलं. आणि तिच्याकडे ती नजर! रागावण्यापेक्षाही वाईट ती नजर. त्यांनी आपल्याला खपवून घेतलं हेच फार झालं.

"माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली. "आई, मले ठाऊक नवतं. खरंच नवतं."

इंदुताई काही बोलण्याआधी अयूबचाचा उठले. हातातली किल्ली त्यांनी पियानोवर ठेवली.

"मी जबान देल्ली होती लटारूभाऊले," ते म्हणाले. "अल्ला माफ करन. पन आता चूप बसलो त त्याले बी आवडनार नाई. बस बेटा. खाली बस."

ज्योत्स्ना बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"तुझ्या लग्नाले तीन वर्षं झाली होती. मले भाऊनं बोलावलं. घरी कोनी नवतं, तुमी सगळे लग्नाले गेले होते कुठी तरी. मी पट्ट्या काढल्या. हेच तांदूळ. थोडे होते तवा. मी म्हनलं, सुनबाईले सांगा, अक्षता ताटातच ठेवत जाय म्हना. तर भाऊ म्हने, 'अयूब, बुढी जिती हाये अजून.'"

ती बुढी म्हणजे आजेसासू. नातसुनेच्या स्वयंपाकात मीठ शोधावं तसा दोष शोधायची. इंदुताईंनीही तिच्या हाताखाली पंचवीस-तीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता.

"'बुढीले हे समजलं,' भाऊ म्हने, 'त सून आली अन् घरची पेटी मुकी झाली, हे गावभर सांगन. पोरीचा जन्म जाईन पन हे बोट जानार नाई.' मी म्हनलं, मंग मी झाडून काढतो. तर म्हने, 'पुढच्या दसऱ्याले परत टाकनच ते. दरसाल तुले बोलावू, अन् बुढी इचारन, काऊन आला अयूब? लाव फळी.' मी म्हनलं, त पोरीले एकटीले सांगा ना. तर म्हने..." त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. "म्हने, 'अयूब, ते माह्या वाद्याले देव मानून पूजा करून राह्यली. माह्या पोटच्या पोराइनं कधी याले हात नाई जोडला. तिचा हात कसा धरू मी?'"

आदेशनं हातातले तांदूळ मुठीत मिटले आणि मान खाली घातली.

"बुढी गेल्यावर मी परत म्हनलं, आता त सांगा. तर म्हने, आता सांगितलं त इतक्या वर्षांचं तिले लागन. जाऊ दे. जे वाजते ते वाजवतो."

बाहेर अंगणात कोंबड्या भांडत होत्या. इंदुताई जागच्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत पियानोपाशी आल्या आणि त्यांनी त्या तांदळांवर तळहात ठेवला.

"सुनेचा अपराध सासऱ्यानं पोटात घालावा म्हन्तात," त्या म्हणाल्या. "याइनं त पेटीच्या पोटात घातला. अन् मले बी पत्ता लागू नाई देल्ला, लबाडानं!" त्या हसल्या आणि हसता हसताच डोळे पुसू लागल्या. मग आदेशकडे वळल्या. "तू काय म्हनत होता? कोनं मारला?"

"चुकलं माझं, वयनी," आदेश म्हणाला. आणि हे म्हणून थांबेल तर तो आदेश कसला! "पन आता हा पियानो जाऊ द्याचा नाई. बाबांचा हाये. मी त्या रिसॉर्टवाल्याशी बोलतो."

"हो ना," प्रफुलचं पारडंही झुकलं. "मी बी तेच म्हनून राह्यलो होतो."

"तुमी दोघं काईच बोलाचं नाई," इंदुताई म्हणाल्या. "ठेवाचा का धाडाचा, ज्योत्स्ना सांगन. तिचा हक्क हाये."

ज्योत्स्नाच्या अंगावर एवढं मोठं ऋण एकदम आलं होतं, आणि ज्याचे पाय धरावेत तो माणूस भिंतीवरच्या फोटोत होता. चौदा वर्षं तिनं त्यांना चहा दिला. त्यातल्या एका सकाळी जरी कळलं असतं, तरी कपाबरोबर एक शब्द बोलली असती. ती सूप घेऊन आली. दोन्ही हातांनी तिनं ते तांदूळ उचलून सुपात भरले, एकही दाणा खाली पडू न देता. आदेशनं एकेक पट्टी काढली, दिव्यानीनं ती पुसली आणि खडूनं तिच्यावर आकडा घातला, प्रफुलनं ब्रशानं फटी साफ केल्या. या घरातली चार माणसं एका कामाला एवढा वेळ भांडल्याशिवाय लागली, हेही नवलच.

पट्ट्या परत बसवून चाचांनी तारा जमतील तेवढ्या सुरात आणल्या, तोवर दुपार कलली होती.

"पूर्वीसारखा नाई होनार," ते म्हणाले. "आठ-दहा हातोड्यांचा नमदा उंदरानं खाल्ला. पन बोलन. आता भाऊ वाजवत होते ते सांगा कोनी तरी. ते वाजवून पायतो."

"कोणतं?" प्रफुलनं विचारलं. तो सकाळी शेतावर असायचा. आदेश बाराव्या वर्षापासून नागपूरला. दिव्यानी तेव्हा शाळेत. सगळ्यांनी इंदुताईंकडे पाहिलं.

"मले काय इचारता? रोज सकाळी त मी देवळात जात होती ना!" त्या म्हणाल्या.

"सकाळी वाजवायचे ते?" ज्योत्स्नानं विचारलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. तिला सूर कळत नव्हते, रागाचं नाव माहीत नव्हतं. पण चौदा वर्षं चुलीपाशी उभं राहून, भांडं वाजू न देता, तिनं ते कान देऊन ऐकलं होतं. ते तिच्या इतकं अंगात मुरलं होतं, हे तिलाही आज कळलं. चाचा तिच्या मागोमाग एका हातानं वाजवू लागले. एक ओळ झाली, दुसरी सुरू झाली, आणि ज्योत्स्ना मध्येच थांबली. मग पुढे सुरू केलं. पुन्हा थांबली.

चाचांनी हात उचलला. "थांबते काऊन बेटा?"

"मामाजी इथी थांबत होते. नेहमी. इथी अन् पुढं अजून एका ठिकानी. मी आली की थांबत होते." बोलताना तिचा जुना सल पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उघडा पडला. "माझ्याकडं पाहत, अन् मंग पुढं."

चाचा तिच्याकडे वळले.

"नाई बेटा," ते हळूच म्हणाले. "थांबत नवते ते. बोट त पट्टीवर ठेवतच होते. पट्टी मुकी होती. अन् तुह्याकडं पाहत, ते तुले उमगलं का काय, ह्या भेवानं."

त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली. ज्योत्स्ना जिथे थांबली होती तिथे त्यांचं बोट पोचलं, पट्टी खाली गेली आणि तो सूर वाजला. जरासा घोगरा, पण भरलेला, घरभर. पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर तो तिनं कधी ऐकला नव्हता, आणि तरीही त्याच्याशिवाय दुसरं काही तिथे बसलंच नसतं. पुढच्या ठिकाणी दुसरा सूर आला. गाणं कुठेही न थांबता शेवटापर्यंत गेलं.

ज्योत्स्नानं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. इंदुताईंनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. रिसॉर्टवाला. टेम्पो परवा सकाळी नऊला निघेल, असं तो सांगत होता.

"टेम्पो पाठवू नका," ती म्हणाली.

तो पलीकडून काहीतरी चढ्या आवाजात बोलला. तुम्हीच म्हणाला होता, घरात कुणालाच तो नको आहे. आता अचानक कोणाचा निघाला?

"माझा हाये," ज्योत्स्ना म्हणाली. "सासऱ्यानं देल्ला मले."